खडू मारून विकणे आहे

माझ्या सासूबाई पाडलेल्या इमारतींचं सामान विकतात. तुळया, दारं, चौकटी, जिन्याचे कठडे, फरशा, बिजागऱ्या, कड्या. शहरातली एखादी जुनी इमारत पडणार अशी नुसती कुणकुण लागली तरी ठेकेदाराच्या आधी ह्या तिथे हजर. त्यांच्या वखारीत शिरायचं तर पोट आत ओढून तिरकं व्हावं लागतं. लग्न ठरल्यावर मी तिथे पहिल्यांदा गेले ती इस्त्रीचे कपडे घालून, आणि बाहेर आले तेव्हा दिवसभर गवंड्याच्या हाताखाली राबल्यासारखी दिसत होते.

त्याच दिवशी मला तिथलं एक दार फार आवडलं. जाड, गडद, हात फिरवावासा वाटावा असं. पण ऐन मध्यावर पांढऱ्या खडूचा ताटाएवढा गोल.

"हे कुणी घाण करून ठेवलंय?" मी विचारलं.

"मी," होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. "तिथे आतून पोखरलंय. वरून कळत नाही, म्हणून गोल काढला."

तो त्यांच्या वखारीचा शिरस्ता. माल आला की उलटापालटा करून, ठोकून, वास घेऊन बघायचा. कीड, तडा, बाक, ओल, जिथे जे असेल तिथे खडूने गोल काढायचा. गिऱ्हाइकाला आधी गोल दिसला पाहिजे, लाकूड नंतर. भाव त्याच्याही नंतर. त्यांच्या वडिलांच्या काळी म्हणे सगळा बाजारच असं करायचा. पुढे एकेकाने खडू सोडून पॉलिश धरलं, आणि उरल्या ह्या एकट्या. बाजारात त्यांना सगळे ‘खडूताई’ म्हणतात. काहीजण आदराने म्हणतात, बरेचजण दात काढून म्हणतात, आणि त्यांना दोन्हीचा फरक पडत नाही.

मला पडतो. मी वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात काम करते. माल कसा झाकून विकायचा याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे आमचं एकमेकींशी कसं जमलं असेल याची कल्पना करा.

तर ही बाई एकदा शाई कंपनीची इमारत बघायला गेली. मुख्य रस्त्यावरची तीन मजली इमारत. खाली दुकान, मध्ये कचेरी, वर बाटल्या भरायचा माळा. कंपनी कधीच बुडाली होती. इमारत पाडायची ठरली होती आणि सासूबाई तिच्या तुळया विकत घ्यायला गेल्या होत्या. संध्याकाळी घरी आल्या. सासरे जेवायला बसले होते.

"तुळया चांगल्या आहेत," सासूबाई म्हणाल्या. "फारच चांगल्या. त्या खाली नाही उतरवायच्या. आपण इमारतच घ्यायची."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला, असं माझा नवरा सांगतो. बाजाराने तर यथेच्छ हसून घेतलं. कसायाने बकरी पाळायला आणली, असे टोमणे चालायचे. सासऱ्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या काकांनी, निम्मे पैसे घातले. काकांना लाकडातलं काही कळत नाही. वहिनीवर विश्वास होता म्हणून घातले. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी काकांबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

मग पुढची कित्येक वर्षं घरातले सगळे त्या इमारतीत राबले. तिच्यात जे जे मोडलं-कुजलं होतं ते ते वखारीतून आलं. जिना एका पाडलेल्या नाट्यगृहाचा. दारं इस्पितळाची, पलंग जाईल एवढी रुंद. त्यामुळे वरच्या कचेरीतला बारीकसा हिशेबनीस रोज आत येताना मिरवणुकीतून आल्यासारखा दिसतो. तळमजल्यावर औषधाच्या दुकानाचं काउंटर, त्याला चिमुकले खण. हात धुवायची भांडी न्हाव्याच्या दुकानातली, मान मागे टाकायला पुढून खोलगट. आणि मधल्या मजल्याची जमीन एका शाळेच्या व्यायामशाळेतली. खेळाच्या मैदानाच्या लाल-पिवळ्या रेघा फळ्यांवर तशाच होत्या. फळ्या बसवताना क्रम लागला नाही, तेव्हा त्या रेघा आता जमीनभर तुकड्या-तुकड्याने पळतात, कुठून निघाल्या नि कुठे चालल्या त्यांनाच ठाऊक. माझ्या नवऱ्याने रंग काढून टाकू का म्हणून विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "का? त्या जमिनीने काय चोरी केलीय?"

इमारत उघडली, भाडेकरू आले, मासिकांतून फोटो आले. त्यानंतर थोड्याच काळात सासरे गेले. रडणं झालं आणि सासूबाई परत वखारीत जाऊन बसल्या.

आता काकांची गोष्ट. काकांचं वय झालं, गुडघे गेले, त्यांना मुलीजवळ जाऊन राहायचं होतं आणि त्यासाठी आपला निम्मा हिस्सा मोकळा करून हवा होता. त्यांची बाजू खोटी नव्हती. पण आमच्याकडे त्यांना देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून अख्खी इमारत विकणं आलं. आणि काकांनी गिऱ्हाईकसुद्धा शोधून आणलं.

हा गृहस्थ मोठा बिल्डर. बोलायला इतका गोड की मला चहात साखर घालायचा विसर पडायचा. त्याला इमारतीची फक्त दर्शनी भिंत हवी होती. समोरच्या कमानी, खिडक्यांवरचे दगडी हार, छपराजवळचा कठडा, हे सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि मागचं सगळं पाडून तिथे काचेचं नवीन काहीतरी उभारायचं. जुन्या इमारतींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीचा नियमच तसा आहे म्हणाला. मूळची दर्शनी भिंत राखली की मागे हवं ते करायची परवानगी मिळते, एरवी नाही.

"म्हणजे माणसाचं तोंड ठेवायचं आणि माणूस काढून टाकायचा," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही फार मनाला लावून घेता," तो म्हणाला.

आम्ही घरात त्याचं नाव ‘दर्शनीवाला’ ठेवलं. काका त्याच्यावर खूष होते, कारण भाव मजबूत होता. शेवटी घरात तोड निघाली ती अशी: वर्ष संपेपर्यंत सासूबाईंनी आपलं गिऱ्हाईक आणावं, इमारत वापरणारं. नाही आणलं तर दर्शनीवाल्याला सही करून द्यायची. सासूबाईंनी शब्द दिला. आणि त्या शब्द मोडत नाहीत, ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी अडचण आहे.

जाहिरात मी लिहिली. ‘कालातीत सौंदर्याचा वारसा लाभलेली, अभिरुचीने सजवलेली ऐतिहासिक वास्तू.’ सासूबाईंनी चष्मा लावून वाचली.

"कालातीत म्हणजे?"

"काळाच्या पलीकडची."

"मग छप्पर कशाला दुरुस्त करावं लागलं? हे बघ, गळतं कुठे ते लिही. मागच्या खोलीत, पन्हळीखाली."

"आई, जाहिरातीत कुणी गळतं म्हणून लिहितं का?"

"मग येणारा माणूस डोक्यावर पाणी पडल्यावर कळून घेणार का?"

मी माझीच जाहिरात छापली. गळतीचा शब्दही आला नाही. मला वाटलं, जिंकले. पहिलं गिऱ्हाईक यायच्या दिवशी दलालाला घेऊन मी इमारतीत गेले आणि दारातच थबकले.

सगळीकडे गोल. भिंतींवर, तुळयांवर, पायऱ्यांवर, काउंटरवर, खिडक्यांच्या चौकटींवर. पांढरे, ठळक, लहान-मोठे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गोल, कारण ती दाबली की कण्हते. हात धुवायच्या भांड्याला गोल, कारण केसाएवढी चीर. मागच्या खोलीच्या छताला तर बैलगाडीच्या चाकाएवढा. सासूबाई शिडीवर उभ्या होत्या, बोटं पांढरी, नाकावर पांढरा ठिपका.

"या," त्या दलालाला म्हणाल्या. "वरचा माळा राहिलाय, तेवढा होऊ द्या."

दलालाने कपाळाला हात लावला. "ताई, ही इमारत आहे. वखारीतली चौकट नाही."

"चौकट लहान म्हणून खरं सांगायचं आणि इमारत मोठी म्हणून थापा मारायच्या?"

"थापा कुठे? नुसतं गप्प बसायचं."

"तुम्ही बसा. मला नाही जमत."

गिऱ्हाइकं आली. एक हॉटेलवाला आला, गोल बघत बघत वर गेला आणि बघत बघत खाली आला, आणि म्हणाला, कळवतो. एक शिकवणीवाले आले. त्यांनी प्रत्येक गोलापाशी थांबून ‘इथे काय झालंय’ म्हणून विचारलं, सासूबाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं, आणि शेवटी त्या शिकवणीवाल्यांचं तोंड औषध प्यायल्यासारखं झालं. तेही कळवणार होते. हळूहळू दलाल फोन उचलेनासा झाला. मी घरी येऊन भांडी घासत बसायचे. मला राग आला की मी भांडी घासते. त्या वर्षी आमच्या पातेल्यांत तोंड दिसत होतं.

आणि मग दर्शनीवाला आपला इंजिनिअर घेऊन आला.

इंजिनिअर शहाणा, कामसू माणूस होता. त्याने काहीही खोटं केलं नाही. तो फक्त गोल दिसला की फोटो काढत गेला. सासूबाई स्वतः त्याला घेऊन हिंडल्या, जो गोल नजरेतून सुटला तो दाखवला, शिडी धरली, चहासुद्धा पाजला. पुढच्याच आठवड्यात त्याचा अहवाल काकांच्या हातात आला. काकांनी तो आमच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला. इमारतीच्या आतल्या भागात जागोजागी दोष असून ते मालकिणीने स्वतः खूण करून मान्य केलेले आहेत. आतला भाग राखण्याजोगा नाही. दर्शनी भिंत मात्र निर्दोष व मूळ स्वरूपात आहे. सबब, दर्शनी भिंत वगळून बाकी भाग पाडण्यास हरकत नसावी. हा कागद दर्शनीवाला सरळ जुन्या इमारतींच्या कचेरीत देणार होता.

सासूबाईंच्याच खडूने सासूबाईंची इमारत पाडायची परवानगी निघत होती.

"तरी सांगत होतो," काका म्हणाले. ते काही आनंदाने म्हणाले नाहीत, पण म्हणाले. "वहिनी, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात."

माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "आई, आत्ताच्या आत्ता जाऊन ते सगळं पुसू. मी ओलं फडकं घेतो. पुन्हा तपासा म्हणून सांगू."

"पुसून काय होईल?" सासूबाई म्हणाल्या. "कीड जाईल?"

"कीड कुठाय आता! अर्ध्याअधिक जागा आपणच दुरुस्त केल्यात. नुसता जुना व्रण आहे. पण त्याला वाचता येत नाही ना ते!"

"त्याला येत नसेल. म्हणून मी लिहिलेलं पुसू?"

"मग इमारत जाऊ दे?"

एवढी तोंडाळ बाई, पण मला एकदम दिसलं की ती घाबरलीय. ते आम्हाला दिसू नये म्हणून त्यांनी अहवाल हातात घेतला आणि वाचायला लागल्या. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. मी पातेलं घेतलं.

वाचता वाचता त्या थांबल्या. परत वाचलं. आणि मग ही बाई हसायला लागली. साधं नाही, खोकला येईपर्यंत.

"दर्शनी भिंत निर्दोष," त्या म्हणाल्या. "मूळ स्वरूपात! अरे देवा."

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" काकांनी विचारलं.

"भाऊजी, तिथे गोल नाहीत म्हणून ती निर्दोष. आणि गोल नाहीत कारण मला वर चढता येईना आणि ह्या माझ्या लेकाला सांगून सांगून जीभ झिजली, पाळण्याची गाडी मागव, गाडी मागव. उद्या बघतो, उद्या बघतो."

माझा नवरा जमिनीकडे बघायला लागला. तो चांगला सुतार आहे, चांगला नवराही आहे, पण त्याचा ‘उद्या’ कधी उगवत नाही.

गोष्ट अशी होती की सगळ्या इमारतीत सगळ्यात जास्त ठिगळं कुठे असतील तर त्या दर्शनी भिंतीत. इमारत घेतली तेव्हा त्या भिंतीचा वरचा डावा कोपरा पार ढासळलेला होता. तिथल्या विटा एका पाडलेल्या तुरुंगाच्या. खिडक्यांवरचे ते सुंदर दगडी हार, त्यातले निम्मे दगडी नाहीतच. वखारीच्या अंगणात साचा करून माझ्या नवऱ्याने ओतले आहेत, आणि एकाचं फूल उलटं लागलंय. मधली कमान एका बुडालेल्या पतपेढीची. इमारतीत खरोखर मूळचं, शाईवाल्यांच्या वेळचं म्हणाल, तर त्या आतल्या तुळया, माळा आणि मागच्या भिंती. म्हणजे जे पाडायचं ठरलं होतं ते.

"हे तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस," मी नवऱ्याला म्हटलं.

"कुणी विचारलं नाही," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तो ‘उद्या’ उगवला. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्यांची पाळण्याची गाडी भाड्याने आली. भर दुपारी, भर रस्त्यात, सासूबाई त्या पाळण्यात चढल्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही खालून सांगा, हा वर जाऊन काढेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गाडीवाल्याला म्हटलं, जपून घ्या हो.

पाळणा वर गेला. एका हाताने काठ धरून सासूबाई गोल काढायला लागल्या. हारावर गोल. दुसऱ्या हारावर गोल. तुरुंगाच्या विटांवर तर काठीला खडू बांधून पोरांनी काढावा तसला वेडावाकडा, माणूस मावेल एवढा. रस्ता थांबला. दुकानांतून लोक बाहेर आले. वरच्या मजल्यावरचा हिशेबनीस खिडकी उघडून बघायला लागला, तर समोर पाळण्यात घरमालकीण. तो बिचारा नमस्कार करून परत आत गेला. बाजारातले झाडून सगळे जुने-सामानवाले जमले. एरवी दात काढणारे ते, पण त्या दिवशी त्यांच्यातला एकजण मोठ्याने ओरडला, "खडूताई, कमानीची उजवी बाजू राहिली!"

"दिसतंय मला!" वरून उत्तर आलं. "तूच विकलीस ती!"

इतक्यात दर्शनीवाल्याची गाडी आली. काकांनी त्याला फोन केला असणार. तो उतरला, वर बघितलं, आणि त्याचा गोडवा पहिल्यांदाच थोडा आंबला.

"अहो बाई, काय चालवलंय? तुम्ही स्वतःच्या मालाची बदनामी करताय!"

सासूबाई पाळण्यातून वाकल्या. केस विस्कटलेले, चष्मा घसरलेला, तोंडभर खडू. त्या ओरडल्या आणि सगळ्या रस्त्याने ऐकलं. "माल माझा! खोट माझी! खडूपण माझा! तुमचं त्यात काय गेलं?"

"ही भिंत मूळची आहे म्हणून अहवाल गेलाय!"

"मग इंजिनिअरला परत पाठवा. मी चहा पाजते. ह्या वेळी बाहेरून फिरवते."

लोक हसले. मीही हसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी रडतेय. अभिमान म्हणा किंवा दुसरं काही म्हणा, मला त्या क्षणी त्या बाईची सून असल्याचं इतकं बरं वाटलं की आतापर्यंत घासलेली सगळी भांडी मी माफ केली.

इंजिनिअर परत आला आणि बाहेरून फिरला. मघाशी म्हटलं तसा तो सरळ माणूस होता. त्याने जे होतं ते लिहिलं. भिंतच मूळची नाही म्हटल्यावर ती राखून मागचं पाडायच्या परवानगीचा प्रश्नच संपला. दर्शनीवाल्याने काकांना कळवलं की त्याला आता रस नाही.

पण यात आपण जिंकलो असं समजून मी पेढे वाटायला निघाले असते तर तोंडघशी पडले असते. कारण इमारत विकायची होतीच. वर्ष संपत आलं होतं. काका आमच्याशी बोलेनासे झाले. त्यांचं एकमेव मोठं गिऱ्हाईक वहिनीने भर रस्त्यात पळवून लावलं होतं, आणि आता आतून-बाहेरून गोलांनी भरलेली ती इमारत देवी आलेल्या माणसासारखी दिसत होती. काकांच्या मुलीने फोन करून मला विचारलं, बाबांनी म्हातारपणी कुठे जायचं? सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबर विचारते ती." आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

मी नवीन जाहिरात लिहिली. ह्या वेळी त्यांना न दाखवता. ‘खडू मारून विकणे आहे. तीन मजली जुनी व्यापारी इमारत. उतरवलेल्या सामानाने दुरुस्त केलेली. काय काय बिघडलंय ते जागेवर लिहिलेलं आहे. मागच्या खोलीत गळतं.’ आमच्या साहेबांनी विचारलं, ही चेष्टा आहे का? मी म्हटलं, पैसे भरलेत, छापा.

ती वाचून दोघी बहिणी आल्या. तंबू, कनाती, दुकानांवरची छतं शिवणाऱ्या. दोघींच्या बोटांना जाड सुयांचे घट्टे, दोघी एकाच वेळी बोलणाऱ्या. त्यांना लांबलचक सलग जमीन हवी होती, कापड अंथरून कापायला. कमानी, हार, फोटो, कशाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सरळ मधल्या मजल्यावर आल्या, चपला काढल्या, आणि थोरली चक्क जमिनीवर ओणवी झाली. हाताचा तळवा फळ्यांवरून सरकवत, रांगत, ह्या टोकाकडून त्या टोकाला. मध्येच थांबून तिने खिशातून शिंप्याचा चपटा निळा खडू काढला आणि फळीवर बारीक फुली मारली. पुढे गेली, आणखी एक फुली.

सासूबाई ताठ झाल्या. "काय झालं तिथे?"

"खिळ्याचं डोकं वर आलंय, मावशी. इकडे पण. इथे लाकडाचं कुसळ निघालंय. डोळ्याला नाही दिसायचं. पण कापड ओढलं की फाटणार."

सासूबाई खाली बसल्या. गुडघ्यांचा आवाज मला दारातून ऐकू आला. त्यांनी निळ्या फुलीवर बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. त्यांच्या मालात दुसऱ्या कुणी खोट दाखवल्याचं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता जाळ होणार.

"हे माझ्याकडून सुटलं," त्या म्हणाल्या. चेहरा लालबुंद झाला होता. "मला मान्य. अजून बघ."

मग दोघी मिळून रांगत बसल्या, एकीचा खडू निळा, एकीचा पांढरा. धाकटी बहीण आणि मी त्यांच्या मागून चालत राहिलो. ती माझ्या कानात म्हणाली, "आमच्या ताईला एकदा लागलं की जेवणाची शुद्ध राहत नाही." मी म्हटलं, "इकडेही तेच."

बहिणींना इमारत हवी होती. आतलं काही पाडायचं नव्हतं, फळ्यांवर नुसता रंधा फिरवला की त्यांचं काम भागणार होतं. छप्पर त्या स्वतः शाकारणार होत्या, तंबूवाल्यांना गळती थांबवायला कोण शिकवणार. फक्त त्यांचा भाव दर्शनीवाल्याच्या भावाच्या जवळपासही जात नव्हता. त्यांनी तो न लाजता सांगितला, आणि एकदाच सांगितला.

काका आमच्याकडे आले. कित्येक दिवसांनी आले होते, म्हणून सासूबाईंनी आधी त्यांना चहा दिला. काकांनी कप बाजूला सरकवला.

"वहिनी, मी ह्या भावाला सही करणार नाही. ज्या दिवशी तुम्ही त्या पाळण्यात चढलात त्या दिवशी माझे पैसे बुडाले. ते तुम्ही बुडवलेत."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "मी बुडवले."

काकांना हे अपेक्षित नव्हतं. भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाची फार पंचाईत होते.

"म्हणून तुमचा वाटा त्या बिल्डरच्याच भावाने घ्या," सासूबाई पुढे म्हणाल्या. "तो देणार होता तेवढा. एक पैसा कमी नाही. ह्या बहिणी जे देतील त्यातून आधी तुमचं. मग उरेल ते माझं."

माझ्या नवऱ्याने आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला ते आधीच माहीत होतं, मला नव्हतं. मी मनात आकडा मांडला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारती उतरवून ह्या बाईने जे जमवलं होतं ते सगळं त्या तीन मजल्यांत होतं. त्यांचं म्हातारपण त्यात होतं. मला ओरडावंसं वाटलं की आई, नका. मी ओरडले नाही, कारण मला माहीत होतं की त्या माझ्याकडे कशा बघतील.

काकांनीही तोच आकडा मांडला असावा. त्यांचा राग कुठे गेला कळेना. ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"वहिनी," ते हळू म्हणाले, "तुमच्या वाट्याला काय उरतं, त्याचा विचार केलात का?"

"केलाय," सासूबाई म्हणाल्या, आणि चहाचा कप उचलून पुन्हा त्यांच्या समोर ठेवला. "फार काही उरत नाही. म्हणजे त्याच्यावरून भांडण व्हायची भीती नाही. करा सही."